जुनी अबार्थ पुंटो घ्यावी का? घ्या, पण स्टॉक (कंपनीतून आली तशी) असेल तरच

आधी निकाल सांगून टाकतो. मॅन्युअल गिअर, टर्बो पेट्रोल आणि उद्या क्लासिक म्हणून नाव निघेल अशी हॉट हॅच, म्हणजे छोटी पण जोरात पळणारी गाडी, मध्यमवर्गीय बजेटमध्ये हवी असेल तर अबार्थ पुंटो घ्या, पण कुणीही छेडछाड न केलेली मिळाली तरच घ्या. रीमॅप मारलेली (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवलेली), सायलेन्सर बदललेला, स्प्रिंगा कापून खाली बसवलेली असेल तर कितीही पळू दे, सोडून द्या. पॉवर काय, नंतर कधीही वाढवता येते, पण एकदा बिघडवलेली गाडी परत कंपनीसारखी करायला ओरिजिनल पार्ट आणायचे कुठून?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2015 च्या ऑक्टोबरात फियाटनं ही काढली, दिल्ली एक्स-शोरूम 9.95 लाखांना. 1368 सीसी टी-जेट टर्बो इंजिन, 145 बीएचपी, 212 एनएम, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क, आणि शून्य ते शंभर 8.8 सेकंद हा कंपनीचा आकडा. त्या काळात दहा लाखांत एवढी पॉवर दुसरं कुणी देत नव्हतं. तयार व्हायची आपल्या पुण्याजवळ रांजणगावला. अबार्थ कंपनी काढणाऱ्या कार्लो अबार्थची रास वृश्चिक, म्हणून लोगोत विंचू. पुढं प्रदूषणाचा बीएस 6 नियम आला आणि फियाटनं आपल्याकडचा गाड्यांचा बाजारच गुंडाळला. म्हणजे नवीन येणार नाही, आहेत त्यातल्याही बऱ्याच ठोकलेल्या नाहीतर रीमॅप झालेल्या, त्यामुळं चांगल्या गाडीची किंमत आता खाली जात नाहीये. मी घेतली त्याला साडेसहा सांगितले होते, सहाच्या आत आली.

बाकीच्याही बघितल्या होत्या, नाही असं नाही. पोलो जीटी टीएसआय रोजच्या वापराला जास्त समजूतदार, 1.2 टर्बो, 105 पीएस आणि डीएसजी ऑटोमॅटिक, पण जुना ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्स म्हणजे मेकाट्रॉनिकचा (गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचा) खर्च डोक्यात धरूनच चालावं लागतं, आणि रस्त्यावर एवढ्या आहेत की क्लासिक व्हायला खूप वेळ लागेल असं माझं मत. बलेनो आरएस (102 पीएस, 150 एनएम) सांभाळायला सगळ्यात स्वस्त पण स्टिअरिंग हातात घेतल्यावर काही वाटतच नाही. तीन दरवाज्यांची पोलो जीटीआय, 1.8 लिटर, 192 पीएस, नवीन होती तेव्हाच 25.99 लाख, तो विषय वेगळ्या खिशाचा. आणि पॅलिओ 1.6, 2001 ची, सचिनच्या सहीची पिवळी एस10 ज्यांना आठवते त्यांना वेगळं सांगायला नको. माझं पहिलं प्रेम तीच, पण आता चांगली पॅलिओ शोधायची म्हणजे गाडीपेक्षा पत्रा आधी बघायचा, आणि आतलं ट्रिम तुटलं तर मिळणं मुश्किल.

आता गाडी बघायची कशी ते सांगतो, कारण पैसे इथंच वाचतात किंवा बुडतात. आमच्या ओळखीचे एक काका आहेत, मायकोतून (आताची बॉश) रिटायर झालेले, आता नाशिकला सातपूरला छोटं गॅरेज चालवतात. मायकोची माणसं म्हणजे हातात मायक्रोमीटर घेऊनच जन्मलेली. त्यांना पुण्याला घेऊन गेलो. गाडी घेऊन आलेल्या दादांनी पॉलिश बिलिश मारून एकदम चकाचक ठेवली होती, काकांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. बोनेट उघडलं आणि आधी बिजागरीचे बोल्ट बघितले, त्यावरचा रंग उडाला असेल तर बोनेट कधीतरी काढलंय. मग दरवाज्याचं रबर बोटानं ओढून आतला कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचा ठिपका ठिपका बघितला, तो जागेवर नसेल तर गाडी ठोकलेली, चारही दरवाजे, डिकीसुद्धा. मग सगळ्या काचांवरचं साल. एक काच वेगळ्या सालाची निघाली, दादा म्हणाले दगड लागला होता, काका म्हणाले "असेल, पण पिलर सांगेल खरं काय ते," आणि पिलर स्वच्छ निघाला. त्यानंतर टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप काढून आत बोट फिरवलं. तेलाचा पातळ थर चालतो, बोट माखून बाहेर आलं असतं तर टर्बोचा सील गेलेला, मग तिथनंच परत फिरायचं. आमचं बोट जेमतेम काळं झालं.

टायमिंग बेल्टचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या, कारण ह्या इंजिनाला चेन नाही बेल्ट आहे, आणि तो किलोमीटरवर जेवढा मोजायचा तेवढाच वर्षांवर, रबरच ते शेवटी. गाडी कमी चाललीय म्हणून खूश होऊ नका, दहा वर्षं उभ्या गाडीचा बेल्टही म्हातारा होतो. बदलताना टेन्शनर आणि वॉटर पंप सोबतच उरकून घ्या, दोनदा मजुरी कशाला द्यायची. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येतंय आणि ही गाडी त्याच्या आधीच्या काळातली, म्हणून फ्युएल लाइनची सगळी रबरी होजसुद्धा तपासून घेतली, दोन बदलली. लोअर आर्मचे बुश आणि एक इंजिन फाउंडेशनही घातलं. वयाप्रमाणं होणारा खर्च आहे, त्यात रडण्यासारखं काही नाही.

पार्टचा प्रश्न सगळे विचारतात. पत्रा, दरवाजे, हेडलाइट हे साध्या पुंटो इव्होचंच आहे, ते स्क्रॅपला मिळतं. टी-जेट इंजिन फियाटच्याच लिनियातही होतं, कमी पॉवरच्या ट्यूनमध्ये, त्यामुळं इंजिनाचा बराचसा सर्व्हिस पार्ट तिकडून लागतो. खरं जपायचं ते अबार्थचंच सामान, 16 इंची अलॉय, टर्बो, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), आतलं ट्रिम आणि स्टिकरसुद्धा. अलॉय वाकलेलं असेल तर सौदा करताना ते नीट मोजा.

कागदांचं. महाराष्ट्रातली गाडी घ्या, दिल्लीची स्वस्त दिसते म्हणून उडी मारू नका, तिथं 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची भीती असते म्हणून लोक आधीच काढून टाकतात, पण इकडं आणली की टॅक्स पुन्हा भरायचा, नंबर नवीन, आणि क्लासिकच्या हिशोबानं मूळ नंबर गेला म्हणजे काहीतरी गेलंच. माझी पुणे पासिंगची, नंबर तोच राहिला. 29 आणि 30 नंबरचा फॉर्म, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचं पत्र, पेठ रोडच्या आरटीओत काम झालं. एचएसआरपी प्लेट लागलेली आहे का तेही बघा. आणि एक लक्षात ठेवा, सरकारी नियमात व्हिंटेज व्हायला 50 वर्षं लागतात, तोवर 15 व्या वर्षी रजिस्ट्रेशन रिन्यू आणि मग दर पाच वर्षांनी परत. म्हणजे सर्व्हिस बुक, दोन्ही चाव्या, जुनी बिलं अशी फाइल असलेली गाडी मिळाली तर पंधरा-वीस हजार जास्त द्यायला मागंपुढं बघू नका. माझ्या मते गाडीइतकीच किंमत त्या फाइलला आहे.

चालवायला कशी? दोन हजार आरपीएमच्या खाली झोपलेली, शहरात कधीकधी कंटाळा येतो. क्लच जड आहे, सीट थोडी उंच, मागं उंच माणसाचे गुडघे टेकतात. कुंभाच्या कामांसाठी नाशिकचे रस्ते खोदलेत आणि 155 मिलीमीटर ग्राउंड क्लिअरन्समध्ये द्वारका चौकाच्या बाजूला जरा जपूनच जावं लागतं. पेट्रोल शहरात लिटरला दहाच्या आसपास. एवढ्या तक्रारी. पण कसाऱ्याहून घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजारांवर ठेवून पाय दाबला की जी ओढ येते ना, ट्रक मागं पडतात आणि स्टिअरिंग दोन्ही हातांत जिवंत होतं, हायड्रॉलिक आहे ते, रस्त्याचा कण न् कण कळतो, आताच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगवाल्या गाड्यांत ही गोष्टच उरली नाही. वणीवरून सापुताऱ्याला सकाळी लवकर निघा, वळणांवर गाडी अशी बसते की तिला वजन आहे ह्याचा आनंद होतो. रॅली ऑफ महाराष्ट्र नाशिकला व्हायची त्या दिवसांत ज्यांनी रस्त्याकडेला उभं राहून धूळ खाल्लीय त्यांना ह्या गाडीत काय आहे ते पहिल्या वळणात कळेल.

गुंतवणूक म्हणून झाकून ठेवायची गाडी ही नाही. टर्बोच्या सील कोरड्या पडतात, बॅटरी जाते, टायर एका जागी चपटे होतात. महिन्यातून दोनदा तरी पूर्ण गरम होईपर्यंत फिरवा, चांगलं सिंथेटिक तेल वेळेआधी बदला, घाट मारून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करा. इन्शुरन्स करताना नुसता थर्ड पार्टी घेऊन मोकळं होऊ नका, जुनी गाडी म्हणून आयडीव्ही (इन्शुरन्सवाल्यांनी धरलेली गाडीची किंमत) कमी लावतात, तिथं भांडून वाढवून घ्या, कारण अबार्थचं एखादं अलॉय गेलं तरी ते तुम्हाला बाजारातून उभं करायचंय.

आणि कुणी बघायला जाणार असेल तर मालकाला आधीच फोन करून सांगा की मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका. बोनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन सुरू होताना येणारा आवाज आणि सायलेन्सरचा धूर, निळा असला तर तेल जळतंय, हे विकणाऱ्याला पॉलिश मारून लपवता येत नाही.