मोठं प्रदर्शन की छोटा कलाकार बाजार? वारली चित्रं घेऊन दोन्हीकडे बसलेल्याचा हिशेब

भात झोडून झालं की आमच्या पाड्यावर लग्नांची बोलणी सुरू होतात आणि त्याच सुमारास प्रदर्शनांचे फॉर्मही यायला लागतात. यंदा भाच्याला एकाच आठवड्यात दोन बोलावणी आली. एक मुंबईतलं दहा दिवसांचं मोठं प्रदर्शन, दुसरा पुण्यातला शनिवार-रविवारचा कलाकार बाजार. तारखा नेमक्या एकावर एक. "मामा, कुठे जाऊ?" फोनवर त्याला अर्धंच सांगता आलं. बाकीचं इथे लिहितो, म्हणजे आणखी कुणाला कामी येईल.

मोठं प्रदर्शन म्हणजे मैदानात मांडव घालून शेकडो स्टॉल लागतात ते. दिल्ली हाटसारख्या कायमच्या जागाही मी त्यातच धरतो. तिथे साधारण पंधरवड्याला कारागीर बदलत राहतात. कलाकार बाजार म्हणजे वीस-तीस टेबलं, दोन दिवस, आणि ज्याने बनवलं त्यानेच बसायचं. दुकानात माल ठेवायचा तिसरा रस्ता मी मोजतच नाही. 'सही पुढे नको, मागे करा' असं एका दुकानदाराने सांगितलं तेव्हापासून तो रस्ता बंद केला. माझं नाव दिसलं तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी थेट डहाणूला फोन करेल, ही त्याची भीती. भीती खरी होती, पण म्हणून सही का लपवू?

पैशाचं आधी उरकतो. मोठ्या ठिकाणी स्टॉल बहुतेक वेळा फुकट किंवा नाममात्र असतो, काही ठिकाणी प्रवासखर्चही मिळतो. कलाकार बाजारात टेबलाचं भाडं आधी भरावं लागतं आणि विक्री झाली नाही तर ते गेलं. मी पहिल्यांदा अडीच हजार भरले तेव्हा घरी दोन दिवस कुणी नीट बोललं नव्हतं. शिवाय एस.टी. किंवा गाडी, राहायचं, जेवायचं. हातात काहीच नसेल तर ही जोखीम घ्या असं मी म्हणणार नाही.

पण फुकट स्टॉलचाही खर्च असतो. दहा दिवस दोन माणसं लागतात; एकटा असाल तर लघवीला जायचीसुद्धा पंचाईत. ते दहा दिवस घरी चित्र काढायची काडी हातात धरली जात नाही. आणि शेजार कुणाचा मिळेल ते आपल्या हातात नसतं. एका वर्षी माझ्या डाव्या बाजूला सुकट-जवळ्याचा स्टॉल होता. कोलीम, म्हणजे जवळा, मलाही आवडतो, पण शेण-गेरूने सारवलेलं कापड वास धरून ठेवतं. त्या वर्षीची चित्रं ज्यांनी नेली त्यांच्या दिवाणखान्यात काय झालं असेल, देव जाणे.

हे सगळं चालवून घेता येतं. मला जे चालवून घेता आलं नाही, ते उजव्या बाजूला होतं.

उजवीकडे उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, भिंतीवर लावायचे कापडी पट्टे होते. सगळ्यांवर 'वारली'. सगळं मशीनवर छापलेलं. त्या माणसाशी माझं भांडण नाही. सुरतेहून माल आणायचा, विकायचा, पोट भरायचं. चौथ्या दिवशी एक बाई त्याचा तारपा नाचाचा पट्टा आणि माझं तारपा नाचाचं चित्र शेजारीशेजारी धरून उभ्या राहिल्या. त्याचे दोनशे, माझे चौदाशे. मोबाईलचा टॉर्च लावून दोन्ही नीट पाहिली आणि म्हणाल्या, "पण भाऊ, यात माणसं जास्त आहेत."

होतीच जास्त. मी नंतर मोजली. बत्तीस माणसं, म्हणजे एकच माणूस बत्तीस वेळा. गुडघा तोच, वाकही तोच. आणि तारपावाला, म्हणजे तारपा हे वाद्य फुंकणारा, वर्तुळाच्या बाहेर, कोपऱ्यात, तोंड चौकटीकडे करून उभा. आमच्यात नाचणाऱ्याने तारप्याकडे पाठ करायची नसते. तो वळेल तशी रांग वळते. इथे तारपावाल्यानेच सगळ्यांना पाठ दिलेली. हे मी त्या बाईंना सांगू लागलो. त्या ऐकूनही घेत होत्या. पण मागे रांग होती, मुलाला भूक लागली होती, आणि त्या पट्टा घेऊन गेल्या.

त्या दहा दिवसांत मी एकच वाक्य सर्वांत जास्त बोललो: "हे हाताचं आहे." घसा बसला. सहाव्या दिवशी चौदाशेचं चित्र मी नऊशेला दिलं आणि रात्री मांडवात बसून बुकमार्क काढले. पन्नास बुकमार्क, सगळ्यांवर एकच झाड. म्हणजे शेजाऱ्याच्या मशीनला मी हातानेच मशीन होऊन उत्तर देत होतो. तेव्हा कळलं की इथे मला विकायला जमत नाही, नुसता बचाव करायला जमतं.

तुम्ही म्हणाल, मानांकन आहे ना? आहे. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी जरूर करा, त्याबद्दल दुमत नाही. पण ते जपतं नाव. नाचणारी काडीची माणसं कापडावर छापणाऱ्याचा हात मांडवात येऊन ते धरत नाही. पाटी बदलून 'ट्रायबल प्रिंट' लिहिलं की तो मोकळा. मी प्रमाणपत्र लॅमिनेट करून टांगलं होतं. दहा दिवसांत दोघांनी वाचलं. त्यातल्या एकाने विचारलं, "ओरिजिनल कुठे आहे?"

कलाकार बाजारात 'हे हाताचं आहे' हे वाक्य बोलावं लागत नाही. फॉर्मबरोबरच ते कामाचे फोटो मागतात, कधी व्हिडिओ, आणि छापील माल असेल तर तसं लिहून वेगळा ठेवायला लावतात. मी ज्या दोन-तीन ठिकाणी गेलो तिथे तरी असंच होतं. सगळीकडे असेल असं छातीठोकपणे नाही सांगत. फरक असा पडतो की गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न बदलतो. 'हाताचं आहे का?'ऐवजी 'हे काय चाललंय?' असं विचारतात. मग सांगायला आपल्याकडे पोतंभर आहे.

मी टेबलावरच काढत बसतो. बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेली, तांदळाच्या पिठात बुडवायची. पीठ संपत आलं की रेघ मधेच फाटते, पुन्हा बुडवून तिथूनच पुढे न्यावी लागते. नीट पाहिलं तर प्रत्येक रेघेवर असे सांधे दिसतात, आणि ठिपक्यांवरून बोट फिरवलं तर ते वर आलेले लागतात. एक निवृत्त गृहस्थ वीस मिनिटं नुसते हेच बघत उभे होते. काही बोलले नाहीत. शेवटी आवणीचं, म्हणजे भातलावणीचं, मोठं चित्र घेतलं, घासाघीस न करता, आणि पुढे सही आहे ना एवढंच पाहिलं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. माझी आजवरची सर्वांत मोठी ऑर्डर, एका रिसॉर्टच्या तीन भिंती, मोठ्या प्रदर्शनातूनच आली. गर्दीत असे लोक फिरत असतात, कलाकार बाजारात ते क्वचित दिसतात. बचत गटाच्या आठ-दहा बायकांचं मिळून काम असेल, माल भरपूर आणि किंमत शंभर-दोनशेच्या आत असेल, तर मोठं प्रदर्शनच बरं. अगदी नवख्यानेही एकदा तिथे बसावं; लोकांच्या तोंडावर किंमत सांगायची लाज तिथेच जाते. उलट कलाकार बाजारात अर्धा तास गप्पा मारून, फोटो काढून, 'खूप छान' म्हणून निघून जाणारेही पुष्कळ. ते बोलणं गोड लागतं, पण परतीचं तिकीट त्यात निघत नाही.

कोण कुठे काय नेतो याचंही थोडं बोलतो. काचेची फ्रेम डहाणू लोकलमध्ये नेऊ नका. विरारला चढणाऱ्यांना तुमची कला दिसत नाही. चित्रं गुंडाळून प्लॅस्टिकच्या पाईपात न्या, एक-दोनच फ्रेम नमुन्याला. मोठ्या ठिकाणी लहान माल सत्तर टक्के ठेवा, छोट्या ठिकाणी उलट. लग्नाचा देवचौक मी कुठेच विकायला मांडत नाही. तो सवाशिणींनी काढायचा, धवलेरीच्या, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईच्या, गाण्यात. इतर जण विकतात, त्यांना मी नावं ठेवत नाही, पण माझा हात वळत नाही.

गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी पोरांनी हातात काडी धरली. त्यातले बरेच आज चांगलं काढतात. चित्र काढता येणं आणि त्याच्याशेजारी बसून दिवसभर बोलता येणं, ही दोन वेगळी कामं आहेत हे मात्र मांडवातच शिकावं लागतं. तुमच्याकडून दुसरं काम कमी होत असेल, तर निदान जागा तरी अशी निवडा जिथे कमी बोलावं लागेल.

भाच्याने शेवटी पुण्याचा फॉर्म भरला. मी सांगितलं म्हणून नाही, असं तो म्हणतो. पाठवण्याआधी फोटो मला दाखवले. तिन्हींत नुसतं चित्र, हात कुठेच नाही. परत काढायला लावलेत. गेरूने माखलेली नखं दिसू देत म्हटलं, धुऊन येऊ नको.