स्लंप की क्युब? स्वतःच्या घराचा स्लॅब टाकणाऱ्यांसाठी

स्लॅबच्या दिवशी दहा-साडेदहाला ऊन चढतं, माल पसरवणारे गडी दमायला लागतात आणि वरून हाक येते, "माल घट्ट येतोय, पाणी वाढव!" मिक्सरवरचा माणूस पाच लिटरचा डबा जास्तीचा ओततो. ओला माल किती ढासळतो ते मोजणारा स्लंप की ताकद मोजणारा क्युब, यांपैकी कॉंक्रिटची कोणती चाचणी करून घ्यावी हे ठरवताना ही हाक डोळ्यांसमोर ठेवा. सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला 25 लिटर पाणी म्हणजे पाणी-सिमेंटचं प्रमाण 0.5. पाच लिटर वाढलं की ते 0.6 होतं. आयएस 456 या कॉंक्रिटच्या भारतीय मानकात आरसीसीसाठी, म्हणजे सळया घातलेल्या कॉंक्रिटसाठी, अगदी सौम्य हवामानातही कमाल मर्यादा 0.55 आहे. एका डब्यात आपण ती ओलांडलेली असते.

स्लंप चाचणी नेमकी याच क्षणी उपयोगी पडते. 300 मिमी उंचीचा, खाली 200 आणि वर 100 मिमी व्यासाचा लोखंडी शंकू ओल्या, सपाट पत्र्यावर ठेवायचा. माल थराथराने भरायचा, प्रत्येक थराला 16 मिमीच्या सळईने 25 वेळा ठोसायचं, वरचा भाग थापीने सपाट करून शंकू अलगद, सरळ वर उचलायचा. ढीग जितका खाली बसला तितका स्लंप. साध्या सळयांच्या स्लॅबला 25 ते 75 मिमी आणि दाट सळयांच्या बीम-कॉलमला 50 ते 100 मिमी ही आयएस 456 मधली मर्यादा. पाच-दहा मिनिटांत उत्तर हातात, माल अजून मिक्सरजवळच. नको असेल तर थांबवता येतो.

आकड्याइतकंच ढिगाच्या आकाराकडेही पाहा. सगळा ढीग सारखा खाली बसला तर ठीक. एक बाजू घसरून पडली तर चाचणी पुन्हा करा, आणि पुन्हा तसंच झालं तर मालात चिकटपणा नाही असं समजा. पार पसरून खडी एकीकडे आणि पाणी दुसरीकडे गेलं, तर तो माल साइटवरच्या साध्या मिक्सरमधून स्लॅबवर जाऊ देऊ नका.

मात्र स्लंप ताकदीबद्दल काहीच सांगत नाही. सिमेंट कमी टाकलेला मालसुद्धा 70 मिमी बसू शकतो. ताकद सांगतो तो क्युब.

क्युब म्हणजे 150 मिमीचा ठोकळा. साच्यात तीन थर, प्रत्येक थराला किमान 35 ठोसे, 24 तासांनी साचा खोलायचा आणि पुढे तपासणीपर्यंत ठोकळा पाण्यात बुडवून ठेवायचा. एम 20 म्हणजे 28 दिवसांनी दर चौरस मिमीला 20 न्यूटन दाब सोसणारं कॉंक्रिट. त्याचा ठोकळा 28 दिवसांनी यंत्रात दाबताना साधारण 450 किलोन्यूटन भार सोसायला हवा, एम 25 चा 562 च्या आसपास. तीन ठोकळ्यांचा एक नमुना. तिघांतला एखादा सरासरीपासून 15 टक्क्यांहून जास्त लांब गेला, तर तो नमुनाच विश्वासाचा राहत नाही. किती नमुने घ्यायचे तेही मानकात दिलं आहे: 5 घनमीटरपर्यंत एक, 6 ते 15 पर्यंत दोन, 16 ते 30 पर्यंत तीन. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब बारा घनमीटरच्या आत-बाहेर जातो. बीम धरून दोन नमुने, म्हणजे सहा ठोकळे, काही वेळा नऊ. 7 दिवसांचा अंदाज हवा असेल तर त्यासाठी आणखी तीन भरा. साध्या ओपीसी सिमेंटमध्ये 7 दिवसांना साधारण दोन-तृतीयांश ताकद येते. राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटचा जोर सावकाश चढतो, त्यामुळे तिथे पहिला आकडा पाहून घाबरू नका.

क्युबची खरी अडचण वेळेची आहे. निकाल येईपर्यंत सेंटरिंग (स्लॅबखालचे टेकू-फळ्या) निघालेलं असतं, कदाचित वरच्या मजल्याच्या भिंतीही चढलेल्या असतात. दुसरी अडचण माणसांची. ठोकळ्यासाठी वेगळा, सिमेंट जास्त टाकलेला माल कालवणारे मी पाहिले आहेत. म्हणून मिक्सरच्या कोणत्या घाण्यातून (खेपेतून) नमुना घ्यायचा ते तुम्ही स्वतः सांगा, आणि ओल्या ठोकळ्यावर तारीख खिळ्याने तुमच्या हाताने कोरा. उलटही घडतं. माझ्या एका नातेवाइकांचे ठोकळे पाण्यात न ठेवता पत्र्याच्या शेडमध्ये कित्येक दिवस कोरडे पडून होते. आकडा कमी आला. दोष स्लॅबचा की ठोकळ्यांचा, हे कुणालाच सांगता येईना, आणि घरातल्या माणसांची झोप उडाली.

तर निवड कशी करायची? साइटवर मिक्सर लावून माल करत असाल, तर शंकू आधी. पहिल्या चार-पाच घाण्यांना आणि नंतर दर तासाला एकदा. आकडा कितीही असो, तो सारखा येतोय का हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 50, 55, 50 असं चालू असताना एकदम 110 आला, तर कुणीतरी पाणी सोडलंय किंवा पावसात भिजलेली क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) स्वतःच पाणी घेऊन आली आहे. शंकू भाड्याने आणा, मागून आणा, पण आणा.

आरएमसी, म्हणजे प्लँटवरून गाडीने येणारं तयार कॉंक्रिट, मागवत असाल तर गणित थोडं बदलतं. पंपाने चढणाऱ्या मालात प्लास्टिसायझर असतो, तो पाणी न वाढवताही माल पातळ ठेवतो. म्हणून तिथे जास्त स्लंप पाहून लगेच संशय घेऊ नका. ऑर्डर देताना ठरलेला स्लंप चलनावर आहे का ते पाहा, गाडी आल्यावर मोजा आणि प्लँटवर माल भरल्यापासून किती वेळ झाला ते विचारा. दोन तासांच्या आत गाडी रिकामी व्हावी असा नियम आहे, आणि पुण्याच्या वाहतुकीत तो सहज मोडतो. ड्रायव्हरने ड्रममध्ये पाइप लावून पाणी सोडलं तर तिथेच थांबवा. आरएमसीत सिमेंट किती पडलं ते आपण डोळ्यांनी पाहिलेलं नसतं, म्हणून इथे क्युबचं महत्त्व वाढतं. प्लँटचा रिपोर्ट मिळेलच, पण आपले ठोकळे साइटवर आपण भरावेत आणि वेगळ्या प्रयोगशाळेत द्यावेत.

रत्नागिरी, मालवण, गोव्याच्या किनाऱ्यावर बांधत असाल तर दोन्ही कराच, तिथे मी पर्याय देणार नाही. खाऱ्या हवेत उघड्या राहणाऱ्या आरसीसीला किमान एम 30 आणि पाण्याचं प्रमाण 0.45 च्या आत हवं. जास्तीच्या पाण्याने राहिलेल्या बारीक पोकळ्यांतून क्षार आत शिरतात, सळई गंजून फुगते आणि काही वर्षांत स्लॅबचा खालचा पापुद्रा सुटू लागतो.

"नंतर हॅमर मारून बघू" हा सल्ला ऐकू नका. रीबाउंड हॅमर पृष्ठभागावर आपटून किती उसळतो त्यावरून ताकदीचा अंदाज बांधतात. त्या अंदाजात अधिक-उणे 25 टक्क्यांचा फरक पडू शकतो, असं त्या चाचणीचं मानकच सांगतं. एम 20 ठरवायला तो पुरत नाही. क्युब खरोखरच कमी आले, तर स्लॅबमधून किमान तीन कोअर (यंत्राने कापलेले गोल तुकडे) काढून घ्या. त्यांची सरासरी अपेक्षित ताकदीच्या 85 टक्के आणि कुठलाही एक कोअर 75 टक्क्यांच्या खाली नसेल, तर स्लॅब स्वीकारता येतो. कोअर कुठून काढायचे ते मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरने दाखवावं, कारण त्या यंत्राखाली सळई कापली जाऊ शकते.