विद्यार्थ्यांच्या वेब प्रोजेक्टसाठी गिटहब: फुकट होस्टिंग सोडून बाकीचं जास्त कामाचं आहे

गिटहबचं नाव काढलं की बहुतेक जण पहिली गोष्ट हीच सांगतात की तिथे साइट फुकटात टाकता येते. येते, बरोबर आहे. पण मी वेब आणि डिजिटल मीडियाच्या मुलांचे प्रोजेक्ट गाइड करते आणि बरेच ग्रुप तिथे काम करताना जवळून बघितल्यावर माझं मत असं झालंय की होस्टिंग हा त्यातला दुय्यम भाग आहे. विद्यार्थ्यांच्या खऱ्या कामाची गोष्ट म्हणजे प्लॅनिंग आणि प्रत्यक्ष काम एकाच जागी राहतं, आणि कुठला निर्णय कुणी, कधी, कशामुळे घेतला ते महिन्याभरानेही सापडतं. म्हणून हा रिव्ह्यू मुरलेल्या डेव्हलपरसाठी नाहीये, पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी उभं करणाऱ्या तीनचार जणांच्या ग्रुपसाठी आहे, मग ती ऑडिओ गोष्टींची साइट असो, फोटो स्टोरी असो नाहीतर इंटरॅक्टिव्ह नकाशा.

ओळख थोडक्यात. गिट हे टूल लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, फाइलींमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणं हे त्याचं काम. गिटहब ही त्यावर उभी राहिलेली, फाइली आणि त्यांचा इतिहास ऑनलाइन ठेवणारी सर्व्हिस, 2008 मध्ये सुरू झाली, 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली. फ्री अकाउंटवर पब्लिक आणि प्रायव्हेट दोन्ही रिपॉझिटरी (प्रोजेक्टच्या फाइली आणि त्यांचा इतिहास ठेवायची जागा) हव्या तितक्या काढता येतात आणि त्यात हवे तितके साथीदार घेता येतात. अकाउंट काढायला वय किमान 13 लागतं. विद्यार्थी असल्याचा पुरावा दिला तर 2014 पासून स्टुडंट डेव्हलपर पॅक (टूल्सचा फुकट संच) पण मिळतो, पण खरं सांगायचं तर पहिल्या प्रोजेक्टला त्यातलं काही लागत नाही, फ्री अकाउंट पुरतं.

आता मुद्द्याचं, म्हणजे इश्यूज हा टॅब, जिथे एकेका कामाची किंवा अडचणीची नोंद करता येते. पोरं तिकडे फिरकत पण नाहीत, थेट कोड एडिटर उघडून बसतात आणि मग तिसऱ्या आठवड्यात कळतं की दोघांनी मेनूच केलाय आणि फोटोंची परवानगी कुणीच काढलेली नाही. मी हल्ली आधी फक्त इश्यू लिहायला लावते, कोड नंतर. पहिल्या फेरीत येतं काय तर 'होमपेज करणे', 'डिझाइन', 'व्हिडिओ टाकणे'. असल्या इश्यूने काही होत नाही, कारण तो पूर्ण झाला हे ठरवणार कसं? एका ग्रुपचा 'होमपेज करणे' आम्ही बसून फोडला तेव्हा त्यातून निघालं की वरचं पहिलं वाक्य लिहायचंय, मोठा फोटो निवडून त्याच्या मालकाची लेखी परवानगी घ्यायचीय, मेनूत नक्की कुठली पानं ठेवायची ते ठरवायचंय, तोच मेनू मोबाइलवर कसा दिसेल ते कागदावर काढायचंय, आणि ज्याला फोटो दिसत नाही त्याच्यासाठी ऑल्ट टेक्स्ट लिहायचंय. प्रत्येकाला वेगळा इश्यू, प्रत्येकावर एकाचं नाव. एकदम कामाला जीव आला.

आणि त्या इश्यूखाली कमेंट करता येतात हे तर फारच भारी आहे. त्याच ग्रुपमध्ये वाद झाला की पान उघडताच ऑडिओ आपोआप सुरू करायचा का. दोघी म्हणाल्या करायचा, एकाने शोधून लिहिलं की आजचे ब्राउझर वापरणाऱ्याने काही क्लिक केल्याशिवाय आवाजासकट ऑटोप्ले सहसा होऊच देत नाहीत, मग तिसरीने सुचवलं की मोठं प्ले बटण ठेवू आणि खाली गोष्ट किती मिनिटांची आहे ते लिहू. ठरलं, इश्यू बंद. प्रेझेंटेशनच्या वेळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका हाच प्रश्न विचारला आणि पोरांनी तो इश्यू उघडूनच दाखवला. चॅटच्या ग्रुपवर तीच चर्चा झाली असती तर वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली कधीच गाडली गेली असती.

लेबल, माइलस्टोन (काही इश्यू मिळून झालेला टप्पा), प्रोजेक्ट बोर्ड या पण सोयी आहेत. बोर्डवर 'करायचंय, चालूय, झालं' असे तीन कॉलम पुरतात, रोडमॅपचा तारखांचा व्ह्यू दिसायला छान असला तरी लहान ग्रुप त्यातच रंग भरत बसतात, माझ्या मते टाळा. माइलस्टोनला मात्र तारीख देता येते आणि किती टक्के काम झालं ते दिसतं, तेवढं वापराच.

कमिटबद्दल थोडं, म्हणजे बदलांच्या नोंदीबद्दल. प्रत्येक बदल सेव्ह करताना एक ओळ लिहावी लागते आणि मुलं तिथे 'अपडेट', 'अपडेट 2', 'आता तरी चाल' असलं काहीतरी लिहितात. तिथे जरा कडक राहायला हवं. 'मोबाइलवर मेनू फोटोखाली जात होता, तो वर आणला' असं लिहिलं तर पुढच्याला फाइल न उघडता कळतं. मराठीत लिहिलं तरी चालतं, देवनागरी व्यवस्थित दिसते. त्या ओळीत क्लोजेस (closes) हा शब्द इंग्रजीत आणि पुढे # लावून इश्यूचा नंबर टाकला की तो बदल मुख्य ब्रँचवर, म्हणजे प्रोजेक्टच्या मूळ प्रतीत, पोचल्यावर इश्यू आपोआप बंद होतो, म्हणजे ठरवलेलं काम आणि केलेलं काम यांची गाठ तिथेच बसते. प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायला बसल्यावर याची किंमत कळते, कारण अर्धा रिपोर्ट तिथे तयारच असतो.

एक इशारा गाइड लोकांसाठी. कॉन्ट्रिब्यूटर्सचा आलेख बघून कुणी किती काम केलं ते ठरवू नका. तो कमिट मोजतो. चार दिवस बसून आवाज साफ करणारी मुलगी त्यात दिसतच नाही आणि रिकाम्या ओळी इकडच्या तिकडे करणारा उंच दिसतो. त्यावर उपाय म्हणजे स्क्रिप्ट, मुलाखतीचे प्रश्न, फोटोंच्या परवानग्यांची यादी हे सगळं साध्या मार्कडाउन (थोड्या खुणा वापरून लिहिलेल्या टेक्स्ट) फाइलमध्ये रिपॉझिटरीतच ठेवायला लावायचं, आणि ज्याने ते लिहिलंय त्यानेच कमिट करायचं. कोड न येणाऱ्यांनाही हे जमतं, ब्राउझरमध्ये पेन्सिलचं चिन्ह दाबलं की फाइल तिथल्या तिथे एडिट होते, काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

आता होस्टिंग, म्हणजे गिटहब पेजेस. सेटिंग्जमध्ये पेजेस उघडायचं, मेन म्हणजे मुख्य ब्रँच निवडायची, सेव्ह करायचं, बास. साइट दिसायला दहा मिनिटांपर्यंत लागू शकतात तेव्हा लगेच रिफ्रेश करकरून घाबरू नका. पण इथे दोन गोष्टींत जवळपास प्रत्येक ग्रुप अडकतो म्हणून त्या नीट सांगते. पहिली, "मॅडम माझ्या लॅपटॉपवर तर फोटो दिसतोय". फाइलचं नाव बघितलं की शेवटी जेपीजी कॅपिटल अक्षरांत असतं, कॅमेऱ्यातून तसंच आलेलं, आणि एचटीएमएलमध्ये लिहिलेलं असतं स्मॉल अक्षरांत. विंडोजला दोन्ही सारखंच वाटतं, पेजेसच्या सर्व्हरला नाही, त्याच्यासाठी त्या दोन वेगळ्या फाइली आहेत. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळी नावं स्मॉल अक्षरांत, मध्ये स्पेस नाही, हवी तर आडवी रेघ. दुसरी, पानावरचा मजकूर येतो पण रंग, लेआउट सगळं गायब. अशा वेळी सीएसएसच्या फाइलचा पत्ता बहुतेक तिरक्या रेघेने सुरू झालेला असतो. तशी रेघ म्हणजे डोमेनच्या मुळापासून शोध, आणि प्रोजेक्टची साइट तर डोमेनखाली रिपॉझिटरीच्या नावाच्या फोल्डरमध्ये बसलेली असते. ती पहिली रेघ काढून टाकली की बहुतेक वेळा साइट उभी राहते. या दोन गोष्टी भिंतीवर लावून ठेवल्या तरी सबमिशनच्या आदल्या रात्रीची निम्मी रडारड वाचेल.

मर्यादा पण आहेत आणि त्या प्लॅनिंगच्या वेळीच माहीत हव्यात. पेजेसवर फक्त स्टॅटिक साइट चालते, म्हणजे एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट. पीएचपी नाही, डेटाबेस नाही, लॉगिन नाही, फॉर्म भरून घ्यायचा तर बाहेरची सर्व्हिस जोडावी लागते. साइटचा आकार 1 जीबीच्या आत, महिन्याला बँडविड्थ साधारण 100 जीबीच्या आत अपेक्षित आहे, आणि दुकान किंवा धंद्यासाठी हे फुकट होस्टिंग नाही हे त्यांच्या नियमांतच आहे. फ्री अकाउंटवर पेजेस हवं असेल तर रिपॉझिटरी पब्लिक ठेवावी लागते. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला यातलं फारसं काही आडवं येत नाही, फक्त ग्रुपच्या डोक्यात मेंबर लॉगिनवाली साइट असेल तर ती इथे होणार नाही हे आधीच सांगून टाका.

डिजिटल मीडियावाल्यांसाठी मात्र अनुभव संमिश्र आहे. फोटो आणि ग्राफिक्सच्या बाबतीत एक सोय मला मनापासून आवडते, जुनी आणि नवी इमेज शेजारी ठेवून किंवा स्वाइप करून बघता येते, शिवाय एकावर एक ठेवून हळूहळू पारदर्शक पण करता येते. पोस्टरचे रंग बदलले की ग्रुपने नुसतं 'छान आहे' म्हणण्यापेक्षा काय बदललं ते बघून बोलायला सुरुवात होते. व्हिडिओला मात्र हे टूल बनलेलंच नाही. ब्राउझरमधून 25 एमबीच्या वर फाइल जात नाही आणि 100 एमबीच्या वरची तर कशीच जात नाही, आणि प्रत्येक वेळी एडिट केलेला व्हिडिओ टाकला की जुनी प्रत पण इतिहासात राहते त्यामुळे रिपॉझिटरी फुगत जाते. मोठ्या फाइलींसाठी एलएफएस नावाची सोय आहे पण ती पेजेसबरोबर चालत नाही. तेव्हा व्हिडिओ एखाद्या व्हिडिओ साइटवर टाका आणि पानात एम्बेड करा, कच्चं फुटेज हार्ड डिस्कवर. ज्यांचा प्रोजेक्ट मुळात शॉर्टफिल्मच आहे त्यांनी गिटहबच्या मागे लागू नये.

प्रायव्हसीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. पब्लिक रिपॉझिटरी म्हणजे सगळ्या जगाला दिसणार, जुन्या कमिटसकट. कमिटमध्ये तुमचा ईमेल पण दिसू शकतो, तो लपवायची सोय सेटिंग्जमध्ये ईमेलच्या भागात आहे, अकाउंट काढल्याबरोबर ती चालू करा. मुलाखत दिलेल्या माणसाचा फोन नंबर, नकाशाच्या सर्व्हिसची गुप्त 'एपीआय की' (पासवर्डसारखा कोड) असलं काही एकदा पब्लिक कमिट झालं की नंतर फाइल डिलीट करून उपयोग नाही, इतिहासात ते राहतं, एपीआय की असेल तर ती रद्द करून नवीच घ्यावी लागते. 2023 पासून कोड टाकणाऱ्यांना टू-फॅक्टर लॉगिन (पासवर्डसोबत आणखी एक पडताळणी) टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालंय, तेव्हा रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवा, मोबाइल बदलला की नेमके तेच आठवतात.

शिकायला सोपं आहे का? नाही. पूर्ण इंटरफेस इंग्रजीत, शब्द अनोळखी, आणि पहिला मर्ज कॉन्फ्लिक्ट आला की चांगली हुशार पोरं पण घाबरतात, फाइलमध्ये अचानक बाणांच्या रांगा दिसतात आणि वाटतं सगळं गेलं. काही गेलेलं नसतं. दोघांनी एकच ओळ बदलली आहे, कुठली ठेवायची ते तुम्ही सांगा, एवढंच ते विचारत असतं. दोघांना शेजारी बसवून त्यांच्याकडूनच एकदा सोडवून घेतला की भीती जाते. ब्रँच, पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य ब्रँचमध्ये घ्यायची विनंती) हे सगळं पहिल्याच आठवड्यात शिकवायचा हट्ट धरू नका, आधी इश्यू आणि कमिट अंगवळणी पडू द्या.

ओढून सोडून साइट बनवणारे बिल्डर यापेक्षा झटपट आहेत हे मान्य, एका संध्याकाळी देखणं पान तयार होतं. पण पान असं का दिसतंय हे कळत नाही आणि काम त्यांच्याच घरात अडकतं. फुकट सर्व्हिस बंद पडतात हे आपण बघितलंय, जिओसिटीज 2009 मध्ये गेलं, विद्यार्थ्यांचं इतकं लाडकं ग्लिच, त्याने 2025 मध्ये प्रोजेक्ट होस्टिंग थांबवलं. उद्या गिटहबचंही काही झालं तरी ज्याने क्लोन, म्हणजे रिपॉझिटरीची पूर्ण प्रत, घेतलंय त्याच्या लॅपटॉपवर कोड आणि बदलांचा पूर्ण इतिहास असतो, दुसरीकडे नेता येतो. इश्यू आणि त्यातल्या चर्चा मात्र त्या क्लोनमध्ये येत नाहीत, ते फक्त गिटहबवर असतात, म्हणून महत्त्वाचे निर्णय रीडमी, म्हणजे प्रोजेक्टची ओळख सांगणाऱ्या फाइलमध्ये पण लिहायला लावा.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो व्हिडिओसाठी आणि नवख्यांना होणाऱ्या त्रासासाठी. आणि सुरू करणार असाल तर रिपॉझिटरी कुणा एकाच्या अकाउंटवर काढू नका, फुकटात ऑर्गनायझेशन (ग्रुपचं सामायिक अकाउंट) काढता येते, ती काढून ग्रुपमधल्या किमान दोघांना मालकीचे हक्क द्या. एकाने कोर्स सोडला, भांडण झालं किंवा पासवर्ड हरवला तरी बाकीच्यांचं काम अडत नाही.