नाक धरून, गार करून: सहा फ्लेवर्ड चहांची घरातली परीक्षा

मार्चअखेरीला भाचीनं एक खोकं आणून दिलं. आत सहा छोटे डबे, प्रत्येकी 50 ग्रॅम: आलं-वेलची, अर्ल ग्रे, जास्मिन ग्रीन, काश्मिरी कहवा, लेमनग्रास ग्रीन आणि हिबिस्कस. "मावशी, तू जन्मभर औषधं तपासलीस, आता हे तपासून सांग," म्हणाली. पिंपरीतल्या एका औषध कंपनीत 31 वर्षं मी क्वालिटी कंट्रोलमध्ये होते, त्यामुळे तपासायला सांगितलं की माझ्याकडून अर्धवट होत नाही. कंपनीचं नाव इथे देत नाही. याच चवी आज सगळे विकतात आणि मी केलेली परीक्षा कुठल्याही डब्याला लावता येईल.

चहा चाखण्याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 3103. ते 1980 मध्ये आलं. 100 मिली उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम चहा, झाकून सहा मिनिटं, आणि भांडं पांढरं चिनी मातीचं. सहा मिनिटांचा चहा प्यायला कडूच लागतो, पण चहात खोट असेल तर ती लपत नाही. पिण्यासाठी मी तीनच मिनिटं ठेवते. ग्रीन टीला उकळतं पाणी घातलं की तो तुरट होतो, म्हणून आधण उतरवून 80 अंशांवर येऊ दिलं. कपांच्या बुडाला आकडे चिकटवले, ट्रे फिरवून ठेवायचं काम यांच्याकडे दिलं आणि चाखायला बसलो मी, सासूबाई आणि समोरच्या काकू. सासूबाई 83 वर्षांच्या आहेत, साखर कमी पडली तर दुसऱ्या घोटाला ओळखतात.

सुरुवात आलं-वेलचीनं केली, कारण कोथरूडमध्ये काय किंवा पेठांत काय, घरोघरी रोज पिणार तो हाच. डबा उघडल्याबरोबर वेलचीचा असा घमघमाट सुटला की काकू आतल्या खोलीतून बाहेर आल्या. आपल्या पद्धतीनं केला: पाणी, साखर, पावडर, उकळी, मग दूध, पुन्हा दोन उकळ्या. स्वयंपाकघर दरवळलं. आणि कपात? कपात साधा कडक चहा. वास सगळा वाफेबरोबर निघून गेला होता. सीटीसी म्हणजे यंत्रात चिरडून, फाडून, वळवलेल्या पावडरीचे ते बारीक गोळे रंग झटकन सोडतात, दुधाला पेलतात, पण त्यांच्यावर लावलेला अर्क पाच मिनिटांच्या उकळीत टिकत नाही.

मग दुसरा कप केला. साधी पावडर, आल्याचा अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा आणि दोन वेलच्या खलबत्त्यात ठेचून. दोन्ही कप शेजारी ठेवले आणि नाक चिमटीत धरून एकेक घोट घेतला. ही परीक्षा घरी कुणालाही करता येते. डब्यातल्या चहात नाक बंद असताना आल्याचा मागमूस नव्हता. ठेचलेल्या आल्याचा घोट मात्र घशातून खाली जाताना झणझणला. आल्याचा तिखटपणा जिभेला आणि घशाला कळतो, त्याला नाक लागत नाही. वासाला लागतं. म्हणजे त्या डब्यात आल्याचा वास होता, आलं नव्हतं. मग चष्मा लावून डब्याची मागची बाजू वाचली. घटकांमध्ये चहा आणि 'ॲडेड फ्लेवर', बस्स. समोरच्या बाजूला मात्र आल्याचं भलं मोठं चित्र. याचा मला मनापासून राग आला. औषधाच्या पाकिटावर असं केलेलं आम्ही चालवून घेतलं नसतं. आपल्याकडे अमृततुल्यच्या पितळी पातेल्याशेजारी आलं-वेलची रोज डोळ्यांदेखत कुटली जाते, तिथे हा डबा घ्यायचं काही कारण नाही.

हिबिस्कस. पाकिटावर जास्वंद, आत लाल अंबाडीच्या बोंडांवरची वाळवलेली आवरणं. त्यात चहाचं पान एकही नाही. आंबट, स्वच्छ, माणकासारखा रंग. सासूबाईंनी सवयीनं दूध घातलं आणि ते लगेच फाटलं. आंबटपणा खरा आहे, नाक धरलं तरी लागतो, पण याला चहा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

कहव्यात केशर शोधायला 5 ग्रॅम नमुना पांढऱ्या कागदावर पसरला. तीन धागे निघाले. बाकी दालचिनी, वेलचीची सालं आणि ग्रीन टी. चव मात्र दालचिनीमुळे भरीव होती, गार झाल्यावरही गोडसर. वरून चार बदाम कापून घातल्यावर काकूंनी दुसरा कप मागितला. 50 ग्रॅमला 340 रुपये ही किंमत केशराच्या नावावर आहे, तेवढंच मला पटलं नाही.

लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहाच. मंडईत आल्या-कोथिंबिरीच्या शेजारी जुडी मिळते दहा रुपयांना. त्याचा लिंबासारखा वास मुख्यत: सिट्रल नावाच्या द्रव्याचा, आणि ते उडून जाणारं असल्यामुळे पात वाळवून, चिरून, महिनोन्महिने डब्यात ठेवली की आधी तेच कमी होतं. डब्यातला चहा फुळकवणी लागला, मागे गवताची चव. ताजी तीन पाती गाठ मारून आधणात सोडली आणि फरक तिघींनी न बघता सांगितला. (पाती धुताना बुंध्याकडून टोकाकडे हात न्या. उलटा नेला की कडेनं बोट कापतं.)

अर्ल ग्रेनं मला अडचणीत आणलं. बर्गमॉट हे लिंबाच्या गोतावळ्यातलं फळ, बहुतेक इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियात पिकतं. त्याच्या सालीचं तेल काळ्या चहाला लावतात. इथे नाकाची परीक्षा लावणं अन्यायाचं, कारण या चहात जे आहे ते वासच आहे. म्हणून कप गार होऊ दिला. गार झाल्यावर वास उरला आणि खाली चहाही उरला, तर मिश्रण चांगलं. पहिल्या दिवशी दोन्ही उरलं. पपनसाची साल नखानं ओरखडल्यावर येतो तसा वास, आणि चहा खणखणीत. चार दिवसांनी पुन्हा केला तर मळकट, वर तेलकट दिसणारी साय, चव बसलेली. मी डब्याला दोष देणार होते. मग लक्षात आलं की त्या दिवशी नळाला पाणी आलं नव्हतं, सोसायटीनं टँकर मागवला होता. ते पाणी जड. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि चहातली तुरट द्रव्यं मिळून ती साय धरते. दोन दिवसांनी खडकवासल्याचं पाणी आल्यावर तोच डबा, तेच माप, आणि चहा पुन्हा लखलखीत. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांनी महागडा चहा घेण्याआधी पाणी बघावं. अर्ल ग्रे मी परत घेणार. बिनदुधाचा, तीन मिनिटं, साखर नाही.

राहिला जास्मिन. पहिला घोट उदबत्तीसारखा लागला, उग्र, आणि गार झाल्यावर नुसता कडू. तरी मी तो बाजूला टाकला नाही, कारण खरा जास्मिन चहा कसा करतात ते मला ठाऊक होतं. चीनमध्ये या चहाला लावतात ते फूल जास्मिनम संबॅक, म्हणजे आपला मोगराच. दुपारी खुडलेल्या कळ्या रात्री उमलतात तेव्हा त्या चहाच्या थरात असतात. चहा वास ओढून घेतो, सकाळी फुलं काढून टाकतात, चहा वाळवतात आणि दुसऱ्या रात्री ताजी फुलं. असं अनेक रात्री.

एप्रिल होता, मोगऱ्याचे दिवस. कर्वे पुतळ्याजवळच्या फुलवालीकडून सुट्या कळ्या घेतल्या, पाण्याचा हबका न मारलेल्या. पेठेतल्या आमच्या नेहमीच्या चहावाल्याकडून साधा ग्रीन टी, त्यातला 25 ग्रॅम. स्टीलच्या डब्यात चहा, वर मूठभर कळ्या, पुन्हा चहा, झाकण सैल. रात्री साडेअकराला उघडून पाहिलं तर कळ्या अर्ध्या उमललेल्या, हाताला चहा किंचित दमट. सकाळी फुलं मलूल, कडा तपकिरी. एकेक वेचून काढली, कारण एखादी राहिली तर चहाला कुजका वास येतो. चहा ताटात पंख्याखाली दिवसभर. तीन रात्री हेच.

चौथ्या दिवशी आकडे लावून दोन्ही जास्मिन ठेवले. सासूबाईंनी दुसरा कप उचलला, वास घेतला आणि म्हणाल्या, "हा गजऱ्याचा आहे." तो घरचा होता. रंग फिका, वास हलका, पहिल्या घोटाला काहीसा कमीच वाटला. पण दहा मिनिटांनी गार झाला तेव्हाही मोगरा तिथेच होता, आणि त्याच्याखाली गवतासारखी कोवळी चव. विकतच्या कपात तोवर कडूपणाशिवाय काही नव्हतं.

हिबिस्कस भाचीनं परत नेला, ती सोड्यात घालून पिते. आलं-वेलचीची पावडर आमच्या रोजच्या चहात मिसळून संपवतेय. मोगऱ्याचा चहा 15 ग्रॅम उरलाय, घट्ट झाकणाच्या बरणीत, आणि या आठवड्यात फुलवालीकडून पुन्हा कळ्या आणायच्यात. या वेळी पाच रात्री ठेवून बघणार आहे.