उसाच्या फडात लावायचा १४० रुपयांचा चष्मा

तालुक्याच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून १४० रुपयाला एक, असे तीन चष्मे आणले, त्याला आता वर्ष होत आलं. वेल्डिंगवाल्याचा काळा नाही. हा पारदर्शक, डोळ्याभोवती चारही बाजूंनी टेकणारा, मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेला. कंपनीचं नाव कुठंच नाही.

आधी का घेतला ते सांगते. मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर उसाचं पाचट काढताना वाळलेलं पान ह्यांच्या डाव्या डोळ्यात घासलं. वय ४१. बीपी नाही, शुगर नाही, सोयाबीनचं पोतं एकटे पाठीवर घेतात. “कस्पट असंल, निघंल,” म्हणाले. डोळा लाल झाला म्हणून मेडिकलमधून ड्रॉप आणले. दोन दिवसांत लाली उतरली, आम्ही निश्चिंत. आठव्या दिवशी बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका डाग आला आणि दिव्याकडे बघवेना.

अंबाजोगाईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी ती ड्रॉपची बाटली मागितली. त्यात स्टेरॉइड होतं. मग डोळा बधिर करून डाग हलकेच खरवडला, काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला. मलाही बघू दिलं. कापसाचे धागे विस्कटल्यासारखी बुरशी पसरलेली.

मी गावातली आशाताई, म्हणजे आरोग्याचं काम करणारी आशा कार्यकर्ती आहे. २०२१ मध्ये काळ्या बुरशीचे पेशंट पाहिले होते. त्यात बहुतेकांची शुगर वाढलेली, कोरोनात स्टेरॉइडही घेतलेलं. म्हणून विचारलं, “सर, ह्यांना तर काहीच नाही, मग बुरशी कशी?” डॉक्टरांनी शुगर तपासलीच, नॉर्मल आली. म्हणाले, “ताई, ह्याला अंगातली कमजोरी लागत नाही. फ्युजेरियम, अॅस्परजिलस ह्या बुरशी मातीत, वाळल्या पाल्यावर असतातच. बुबुळ शाबूत असलं तर त्या सहसा आत शिरत नाहीत. पानानं ओरखडा काढला, तिथून शिरली.” बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून शरीराची फौज तिथं उशिरा पोचते. त्यात स्टेरॉइडनं ती फौजच दाबली. लाली गेली म्हणून आम्ही खूश, आणि आत बुरशी मोकळी. ते ऐकून माझे हातपाय गळाले. ड्रॉप मीच घातले होते.

नॅटामायसिनचे थेंब सुरू झाले. बाटली हलवायची, दर तासाला एक थेंब, सुरुवातीला रात्रीसुद्धा. औषध पांढरं, पापणीला चिकटून बसतं. ते खोलवर पोचत नाही, म्हणून उशीर झाला की बुबुळ बदलायची वेळ येऊ शकते. आमचं तेवढ्यावर गेलं नाही. दीड महिन्यानं जखम भरली, पण डाग राहिला. डाव्या डोळ्यानं ह्यांना एसटीची पाटी वाचता येत नाही.

आता चष्म्याचं. पाचट काढताना नंबर एक. पान काचेवर सर्रकन घासतं, आवाज येतो, डोळ्याला काही नाही. सोयाबीन आणि तुरीच्या मळणीला भुसा आत येत नाही. पण वाफ धरते. नोव्हेंबरात चालतं, एप्रिलच्या उन्हात दहा मिनिटांत समोरचं दिसेनासं होतं, आणि मग माणूस तो कपाळावर सरकवतो. तिथंच फसतं. वरच्या बाजूला झाकणाची भोकं असलेला घ्या. आमच्या तिसऱ्याला तशी आहेत, त्यात वाफ कमी धरते. उघडी भोकं असलेला घेऊ नका, भुसा शिरतो.

काच कोरड्या पदरानं पुसली तर चरे पडतात. आधी पाणी ओतायचं. पट्टा चार महिन्यांत ढिला झाला, मी परकराचं इलॅस्टिक शिवून घेतलं. नंबरचा चष्मा असलेल्यांनी दुकानातच वरून लावून बघा. आमच्या सासऱ्यांना दोन्ही एकदम बसत नाहीत.

पाचपैकी चार. एक मार्क वाफेसाठी कापला. तिसरा चष्मा सालगड्याला दिलाय, फडात उतरताना तो आता आपणहून मागून घेतो.