एक्स-रे, रेडिओथेरपी की न्यूक्लिअर मेडिसिन? रेडिएशनच्या लाईनला जायचंय तर आधी हे बघा

या लाईनला टेक्नॉलॉजिस्ट म्हणून येणारी बहुतेक पोरं मशीन बघून ठरवतात, कुणाला एमआरआय भारी वाटतं, कुणाला पेट स्कॅन. पण मला विचाराल तर पेशंट तुमच्यासमोर किती वेळ असतो यावरून ठरवा, कारण तिन्हीकडे खरा फरक तिथेच पडतो. फिजिक्स, अॅनाटॉमी आणि रेडिएशन सेफ्टीपासून तर कुठेच सुटका नाही.

डायग्नोस्टिक म्हणजे एक्स-रे, सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी. साध्या एक्स-रेला पेशंट पाच-दहा मिनिटांचा, आला, पोझिशन दिली, एक्सपोजर दिलं, पुढचा. वर पोर्टेबल मशीन ढकलत आयसीयूत जा, ऑपरेशन चालू असताना सी-आर्म (ऑपरेशनमध्ये वापरायचं फिरतं एक्स-रे मशीन) धरा, नाईट ड्युटी तर ठरलेलीच. खरं कौशल्य म्हणजे मोडलेला हात पेशंटला कमीत कमी दुखवून हवा तसा वळवून घेणं, आणि स्क्रीनवर गाठ दिसली तरी चेहऱ्यावर काही येऊ न देणं, कारण रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट देणार, तुम्ही नाही. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात म्हणून ते निवांत काम असं समजू नका, तिथला मॅग्नेट स्कॅन चालू नसतानाही चालूच असतो आणि लोखंडी सिलेंडर आत नेला तर तो उडत जाऊन कुणाचाही जीव घेऊ शकतो. नोकऱ्या मात्र सगळ्यात जास्त इथेच, साधं हॉस्पिटल म्हटलं तरी एक्स-रे लागतोच.

रेडिओथेरपी, म्हणजे रेडिएशनने कॅन्सरवर उपचार, एकदम उलटी. तोच पेशंट रोज, साधारण आठवड्यातले पाच दिवस, पूर्वीच्या नेहमीच्या पद्धतीत रोज २ ग्रे (डोस मोजायचं एकक) आणि असं पाच-सात आठवडे, हल्ली ब्रेस्टच्या बऱ्याच केसेस ३ आठवड्यांत किंवा त्याहूनही लवकर उरकतात. प्लॅनिंगचा सीटी, डोक्या-मानेचा कॅन्सर असेल तर चेहऱ्याचा मास्क, मिलिमीटरचा हिशोब, आणि रोजच्या भेटीत पेशंटच्या घरातलं सगळं तुम्हाला कळायला लागतं. मग एखादा मधेच यायचा बंद होतो. हे ज्याला झेपणार नाही त्याने इकडे न आलेलंच बरं, हे मी स्पष्टच सांगतो. ड्युटी मात्र बहुतेक दिवसाची, आणि पुढे ट्रीटमेंट प्लॅनिंग, डोसिमेट्रीकडे (डोसचा हिशोब करण्याचं काम) वळता येतं. मेडिकल फिजिसिस्ट व्हायचं असेल तर तो रस्ता वेगळा, त्याला फिजिक्सचं वरचं शिक्षण लागतं.

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे पेशंटच्या शरीरात रेडिओअॅक्टिव्ह औषध देऊन तपासणी किंवा उपचार करतात तिथे, सगळा खेळ घड्याळाचा. टेक्नेशियम-९९एमचं हाफ लाईफ, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, ६ तास, पेटला वापरतात त्या फ्लोरिन-१८चं ११० मिनिटांच्या आसपास, म्हणजे पेशंट दोन तास उशिरा आला की त्याच्यासाठी काढून ठेवलेला डोस निम्म्याच्याही खाली. हॉट लॅबमध्ये (रेडिओअॅक्टिव्ह औषधं ठेवायची-तयार करायची खोली) डोस मोजायचा, इंजेक्शन द्यायचं, मग थांबायचं. ज्याला थोडी केमिस्ट्री आवडते आणि गर्दी नको त्याला हे आवडेल. थायरॉइडला आयोडीन-१३१ कित्येक वर्षांपासून देतातच, पण आता प्रोस्टेटसाठी ल्युटेशियम-१७७ वगैरे आल्यापासून हा विभाग नुसता फोटो काढणारा राहिला नाहीये. डिपार्टमेंट मात्र छोटी, जागा कमी.

आता घरच्यांचा ठरलेला प्रश्न, रेडिएशनचं काय? आंतरराष्ट्रीय शिफारस अशी की कर्मचाऱ्याला पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस नको, आणि बॅज लावून तो मोजला जातो. गंमत म्हणजे रेडिओथेरपीच्या लिनॅकसारखं सगळ्यात ताकदवान मशीन चालवणारा जाड काँक्रीटच्या भिंतीबाहेर बसतो, त्यामुळे त्याला फारच कमी लागतो. न्यूक्लिअरमध्ये मात्र इंजेक्शन दिल्यावर पेशंटच रेडिएशन सोडायला लागतो, आणि पेटच्या ५११ केईव्हीच्या जोरदार किरणांपुढे नेहमीच्या लेड अॅप्रनचा फारसा उपयोग नाही, तिथे काम झटपट उरकणं आणि अंतर ठेवणं हेच खरं.

अजूनही ठरत नसेल तर मी डायग्नोस्टिक म्हणेन, कारण तिथे एक्स-रेवरून सीटी-एमआरआयकडे सरकणं सोपं, पण थेरपीतून इकडे यायचं तर बऱ्याच ठिकाणी परत शिकावं लागतं.