पणजीजवळचे डेटा सेंटर: दोन पावसाळ्यांचा अनुभव

आमच्या म्हापशातील पतसंस्थेचे सर्व्हर आम्ही दोन वर्षांपूर्वी पणजीजवळच्या एका खाजगी डेटा सेंटरमध्ये हलवले. गोव्यात उष्म्याइतकाच दमट, खारा वारा यंत्रांच्या मुळावर येतो. जुन्या कार्यालयात जोडणीच्या तांब्यावर चढलेला हिरवट गंज मी स्वतः खरवडला आहे. येथे मात्र थंड हवेची मार्गिका बंदिस्त ठेवून सर्व्हरच्या तोंडाशी तापमान १८ ते २७ अंश सेल्सियस या, अॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने सुचवलेल्या मर्यादेत राखले जाते आणि ऐन आषाढातही आर्द्रता आटोक्यात राहते, ही मनापासून दाद देण्याजोगी गोष्ट आहे.

तक्रार विजेबाबत आहे. गेल्या जूनमध्ये वादळात वीज गेली तेव्हा जनरेटर भार उचलण्याआधीच यूपीएसच्या जुन्या बॅटऱ्यांनी मान टाकली आणि आमचे रॅक, म्हणजे सर्व्हर बसवलेली कपाटे, अकरा मिनिटे बंद पडले. बॅटऱ्यांची भारासह नियमित चाचणी न घेणे ही अक्षम्य हयगय होय. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे एकेका रॅकची विजेची भूक वाढत असताना केंद्राची एकूण वीज आणि संगणकीय यंत्रणेला प्रत्यक्ष मिळणारी वीज यांचे गुणोत्तर, म्हणजेच पीयूई, ग्राहकाला दरमहा कळवलेच पाहिजे. दर थोडे चढे आहेत. रात्रपाळीचे तंत्रज्ञ मात्र तत्पर आहेत.